चोविसाव्या दगडापाशी थांबा

तंजावूरचं शून्य नेमकं कुठे आहे, ठाऊक आहे का तुम्हाला? नसणारच. साठी उलटेपर्यंत मलाही नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. सकाळी पूजा, संध्याकाळी मठात भजन आणि सणावाराला कीर्तन असं झकास चाललं होतं. पण यंदा वैशाखात फोनवर हवेच्या सूचना येऊ लागल्या आणि माझ्या सुखी संसारात किलोमीटर शिरला.

सूचना अशा यायच्या: ‘बाहेरच्या रस्त्यावर किलोमीटर अमुक ते किलोमीटर तमुक, विजा, जोराचा वारा, मुसळधार पाऊस. सावध राहा.’ गावाचं नाव नाही, देवळाचं नाही, तळ्याचं नाही. आता मला सांगा, विजेला कोणी दगड वाचायला शिकवलं?

पहिली सूचना आली तेव्हा आमच्या सौभाग्यवती भवानीबाई गच्चीवर वाळवणाचे वडाम, म्हणजे तुमच्याकडच्या तांदळाच्या कुरडया, घालत होत्या.

“अहो, त्यात आपण येतो का?” तिनं वरूनच विचारलं.

“आपण राजवाड्याच्या मागे राहतो,” मी ऐटीत म्हणालो. “आपल्याला किलोमीटर नाही.”

थोड्याच वेळात असा पाऊस कोसळला की वडामांची पुन्हा पेज झाली. भवानी भिजलेल्या धोतरांची गुंडाळी घेऊन खाली आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “ढगाला कुणी सांगितलं नाही वाटतं, आपल्याला किलोमीटर नाही ते.”

शांतपणे बोलली म्हणून जास्त लागलं. मी पस्तीस वर्षं कॉलेजात वाणिज्य शिकवलेला माणूस, चक्रवाढ व्याज तोंडी करतो. मला साधा रस्त्याचा दगड कळू नये? त्याच दिवशी ठरवलं की किलोमीटर या विषयाचा सोक्षमोक्ष लावायचा.

शेजारी सल्ला द्यायला टपलेलेच होते. आमच्या भिंतीला भिंत लागून तुळजाराम राहतो. तंजावुरी तबकांचं दुकान आहे त्याचं, आणि कीर्तनाला मृदंगही तोच वाजवतो. बोटं सोन्याची, जीभ मात्र विळीची. तो म्हणाला, “अण्णा, किलोमीटर कशाला? विजेच्या खांबांना नंबर आहेत. ते पाठ करा.” पलीकडचे डॉक्टर म्हणाले, अंतर नेहमी मोठ्या देवळाच्या शिखरापासून मोजावं, कारण ते हलत नाही. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, शिखरापासून नको, नंदीपासून मोजा, नंदी तरी जमिनीवर आहे. यावर नवराबायकोत जो वाद झाला तो आमच्या गल्लीत अजून चालू आहे.

इथवर सगळी गंमत होती. पण नृसिंह जयंती जवळ आली आणि गंमत संपली.

नृसिंह जयंतीला आमच्या मठात वेंकूबाईंचं कीर्तन असतं. वेंकूबाई कुंभकोणमला राहतात. वय ऐंशीच्या पुढे, अंगानं काडी, आणि आवाज? अहो, झांजेवर झांज घासावी तसा! साकी म्हणायला लागल्या की मठाच्या खांबांना घाम फुटतो. प्रल्हादाचं आख्यान त्यांनी माझ्या लहानपणापासून लावलंय आणि नृसिंह प्रकट झाला की मी दरवर्षी दचकतो. तुळजाराम म्हणतो, “अण्णा, तुम्हाला गोष्ट ठाऊक आहे ना? मग दचकता कशाला?” ज्यानं हे विचारलं त्याला कीर्तन काय कळणार! (मृदंग कळतो. ते वेगळं.)

त्यांच्या चेन्नईच्या मुलानं यंदा निक्षून सांगितलं होतं: आता पुरे. हे शेवटचं. वेंकूबाईंनीही मुलाला शब्द दिला होता की राजवाड्याच्या मठातलं हे कीर्तन शेवटचं. ही बातमी कळली त्या दिवशी मला भात गेला नाही.

आणि हे कीर्तन इकडचं तिकडे करता येत नाही. नृसिंह दिवसा आला नाही, रात्री आला नाही. आला तो दिवेलागणीला. म्हणून वेंकूबाईही ऐन दिवेलागणीला आख्यानाला हात घालतात. ती घटका गेली की गेली. त्यात त्यांचा नेम असा की दुपारचं स्नान झालं की मौन. पहिला शब्द फुटायचा तो नमनाचा. म्हणजे वैशाखातल्या वादळी दुपारी, कुंभकोणमहून तंजावूरपर्यंत, अख्खा रस्ता एक ऐंशी वर्षांची बाई न बोलता येणार! तिला सांभाळून आणायची जबाबदारी कोणाची? माझी. कोणी दिली? मीच घेतली.

पहिलं काम म्हणजे दगड समजून घेणं. मी स्कूटर काढली आणि कुंभकोणम रस्त्याला लागलो. एका दगडाला लोकांनी हळद फासून, कुंकू लावून, वर मोगऱ्याची माळ घातली होती. आकडा दिसेना म्हणून मी वाकून नखानं जरा हळद खरवडली. झालं! आसपासच्या बायका धावल्या. “अय्यो! पाहायला मोठा माणूस दिसतो आणि देवीची हळद खरवडतो!” मी म्हणालो, ही देवी नाही, हा तेरा आहे. ते आणखी वाईट झालं. शेवटी नारळ फोडून, तेराला तीन प्रदक्षिणा घालून सुटलो. खोटं कशाला बोलू, तिसऱ्या प्रदक्षिणेत मलाही थोडा भाव आला.

मग रस्त्यांच्या कचेरीत गेलो. तिथे रामस्वामी नावाचे एक अधिकारी होते, फार गोड माणूस. मी विचारलं, “सार, किलोमीटर मोजायला शून्य कुठून धरता?”

ते म्हणाले, “घरापुढचा दगड काढायचा आहे का?”

“नाही. शून्य पाहिजे.”

“शून्य या कचेरीत नाही, सार.”

“मग कुठे आहे?”

“वरच्या कचेरीत असेल. अर्ज करा.”

काय सांगू तुम्हाला, मला तिथल्या तिथे वेदान्त आठवला! शून्य खाली नाही, वर आहे, आणि त्याच्यासाठी अर्ज करावा लागतो. कीर्तनकाराला एवढं सूत्र मिळालं असतं तर तासभराचा पूर्वरंग उभा केला असता. पण पंखा बंद होता आणि माझ्यामागे रांग वाढत होती. रामस्वामींना माझी दया आली. त्यांनी हळूच सांगितलं, “जुने दगड गावातून मोजलेत. सूचनांमधले किलोमीटर नव्या मोजणीचे. ते शून्य गावाबाहेर आहे, चार किलोमीटर पुढे. चारचा फरक धरा, म्हणजे झालं.”

चारचा फरक! बस, मला ब्रह्मज्ञान झालं. मी इतक्या आनंदात बाहेर पडलो की चार मिळवायचे की चार वजा करायचे, हे विचारायचं राहिलं. पण विचारायचं कशाला? वाणिज्याचा माणूस आहे मी. फरक म्हटलं की वजाबाकी.

तेव्हापासून प्रत्येक सूचनेतून चार वजा करून, तिचं शुद्ध मराठी करून, मी मठाच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पाठवू लागलो. देवनागरीत! आकडेही देवनागरीत! आपली लिपी आपणच नाही चालवली तर कोण चालवणार? उत्तरं काय येत होती म्हणता! हात जोडलेले, फुलं, दिवे, ‘जय श्रीराम’. मी भवानीला अभिमानानं दाखवलं.

तिनं तुळजारामला हाक मारली. “तुळजा, ह्यांचे निरोप वाचतोस का रे?”

“अक्का, आमच्याकडे ती अक्षरं कोणाला येतात? आम्हाला वाटलं अण्णा रोज एक स्तोत्र पाठवतात. आम्ही नमस्कार करतो आणि पुढे पाठवतो. मदुरैपर्यंत गेलंय.”

माझ्या ‘सोसाट्याच्या वाऱ्याची शक्यता’ला मदुरैत लोक हात जोडत होते! मी फोन खाली ठेवला. पण लिपी सोडली नाही. आमच्यात निदान एक माणूस ती अक्षरं घडाघडा वाचतं, ते म्हणजे वेंकूबाई. आणि निरोप त्यांच्याचसाठी तर होता.

नृसिंह जयंतीला दुपारी आभाळ काळं झालं आणि सूचना आली: ‘कुंभकोणम रस्ता, किलोमीटर बारा ते वीस. अतिशय जोराचं वादळ.’

माझं रक्त सळसळलं! बारातून चार गेले आठ, विसातून चार गेले सोळा. म्हणजे जुन्या दगडांप्रमाणे आठ ते सोळा. वेंकूबाईंना त्याच्या बऱ्याच पलीकडे, पापनाशमच्या अलीकडे, चोविसाव्या दगडापाशी थांबवायचं. तिथून कालव्याच्या काठानं आतला रस्ता आहे, तो मला माहीत. आपण त्यानं जायचं आणि त्यांना त्यानंच आणायचं. वादळ बिचारं आठ ते सोळामध्ये हात चोळत बसेल! मी लिहिलं: ‘अक्का, किमी २४ च्या दगडापाशी थांबा. आम्ही येतो. — चिदंबर.’ निळी खूण आली. वाचलं! मग त्यांचा फोन नेमाप्रमाणे बंद झाला.

तुळजारामनं दुकानाची व्हॅन काढली. मागे मृदंग. मी पुढे. भवानी नैवेद्याच्या पानकाची कळशी मांडीवर घेऊन मध्ये बसली. मी म्हणालो, तू कशाला? ती म्हणाली, “गेल्या खेपेला घरी होते, तेव्हा वडाम गेले. आता तुमच्याबरोबर राहिलेलं बरं.”

कालव्याच्या काठानं निघालो. लख्ख ऊन! आठ ते सोळाच्या बाजूला पाहावं तर कापसासारखे दोन ढग.

“अण्णा, तुमचं वादळ दिसत नाही कुठे,” तुळजाराम म्हणाला.

“येईल.”

“बोलावलंय ना नक्की?”

मी खिडकीची काच वर केली. काही माणसांना उत्तर देऊन आपण लहान होतो.

चोविसाव्या दगडापाशी पोचलो. दगड होता, वेंकूबाई नव्हत्या. गाडी नव्हती. चिटपाखरू नव्हतं. मी खाली उतरलो, दगडावर हात ठेवला, डाव्या हाताला पाहिलं, उजव्या हाताला पाहिलं, आणि वर पाहिलं. वर पाहायला नको होतं.

असा काळोख केला हो आभाळानं! आधी धूळ आली, मग पानं आली, मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक उडत आला आणि माझ्या अंगाला चिकटला. मी आणि तो हसरा पुढारी, दोघे मिळून शेताकडे निघालो. तुळजारामनं मला धोतराला धरून ओढलं. मग पाऊस! व्हॅनचं मागचं दार लागत नव्हतं. तुळजारामनं स्वतःचा रेनकोट काढून मृदंगाला घातला, टोपीसकट, आणि स्वतः भिजत बसला. आमच्या मागे, तंजावूरच्या बाजूला, चिंचेचं झाड कडकडत रस्त्यावर आडवं झालं आणि कालव्याचा रस्ताही त्याखाली गेला. फोनची पट्टी शून्यावर. हे शून्य मात्र अर्जाशिवाय मिळालं!

त्या धुमश्चक्रीत भवानी माझ्या कानाशी ओरडली, “अहो, त्यांचं शून्य आपल्या पुढे ना? चार किलोमीटर पुढे?”

“हो!”

“मग त्यांचा एक म्हणजे आपला पाच! मिळवायचे की वजा करायचे?”

मी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. बारा आणि चार सोळा. वीस आणि चार... चोवीस.

मी दगडाकडे पाहिलं. स्वच्छ धुऊन निघाला होता. चोवीस.

त्या क्षणी मला स्वतःची काळजी नव्हती, खरंच सांगतो. वेंकूबाई कुठे असतील? त्यांना मीच तर वादळाच्या तोंडी बोलावलं! वाटेत गाडी उलटली असेल का? कुठे झाडाखाली असतील का? आणि दिवेलागण होत आली होती. मी ओल्या अंगानं तिथेच हात जोडले. नृसिंहा, माझी वजाबाकी चुकली. तिची शिक्षा त्या म्हातारीला देऊ नकोस.

इतक्यात कुंभकोणमकडून बस आली आणि पडलेल्या झाडापाशी थांबली. कंडक्टर डोक्यावर पिशवी धरून उतरला. मी धावत गेलो. “एक म्हाताऱ्या बाई... नऊवारी साडी... न बोलणाऱ्या...”

“त्या ना? अठ्ठावीसच्या दगडापाशी चहाच्या दुकानात बसल्यात. आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो. तिथे एक थेंब नाही पावसाचा. त्यांचा ड्रायव्हर म्हणतो, इथेच थांबायचा हुकूम आहे.”

अठ्ठावीस? हुकूम? कोणाचा?

तुळजारामनं व्हॅन अशी हाकली की पानकाची कळशी भवानीनं पोटाशी कवटाळली. सव्विसाव्या दगडानंतर रस्ता कोरडा ठक्क. अठ्ठाविसाव्या दगडाला टेकून उभी होती कुंभकोणमची गाडी, आणि मागे कामाक्षी नावाच्या बाईचं चहाचं दुकान. पुढे झापांचा मांडव. मांडवाच्या मधोमध बाकावर वेंकूबाई, हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, मांडीवर चिपळ्या. मला पाहून डोळ्यांनीच अशा काही बोलल्या की मी खाली पाहिलं.

“मणी!” मी त्यांच्या ड्रायव्हरवर ओरडलो. “चोविसाला थांबायचं सोडून इथे काय करतोस?”

मणीनं आपला फोन पुढे केला; अक्कांनी त्यांचा बंद करण्याआधी निरोप त्याला धाडला होता. “सार, तुम्हीच लिहिलंय. पाहा. दोन, आठ.”

मी पाहिलं. मीच लिहिलेलं २४. त्यातल्या चाराची वरची टोकं अशी जवळ आलेली की अगदी इंग्रजी आठ! मराठी न वाचणाऱ्याला दुसरं काय दिसणार?

“अरे, पण अक्कांना वाचता येतं! त्यांनी सांगितलं नाही?”

“मौन ना, सार. त्या सारख्या बोटं दाखवत होत्या. आधी दोन, मग चार. परत दोन, परत चार. मी म्हटलं, समजलं अम्मा, बे चोक आठ. आठच की! तर कपाळावर हात मारून घेतला त्यांनी.”

तुळजाराम मृदंगाला मिठी मारून इतका हसला की त्याच्या रेनकोटाची टोपी, म्हणजे मृदंगाची, खाली पडली. भवानी मात्र हसली नाही. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “तुमच्या एका चारानं आपल्याला बुडवलं, आणि दुसऱ्या चारानं त्यांना वाचवलं. आता कोणाला काही सांगू नका. देवानं हिशेब जुळवलाय, तो मोडू नका.”

पण आता पुढे काय? मागे झाड आडवं, मठ दूर, आणि पश्चिमेला आभाळ केशरी व्हायला लागलं. दिवेलागण! मी वेंकूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मांडवाकडे पाहिलं. अर्धं घर, अर्धा रस्ता. ना आत, ना बाहेर. मग त्या उठल्या, चिपळ्या हातात घेतल्या आणि तुळजारामकडे पाहून मान हलवली.

अहो, माझ्या अंगावर काटा आला! कामाक्षीनं चहाचं पातेलं उतरवून समई नव्हे, तिथला कंदील लावला. तुळजारामनं मृदंगाचा रेनकोट काढला. अक्कांच्या गाडीतली सुराची पेटी सुरू झाली आणि नमन उठलं. रस्त्यावर अडकलेल्या लॉरीवाल्यांनी इंजिनं बंद केली. झाडापासून मागे फिरून आलेल्या बसमधले लोक उतरून आले. कोणाला मराठी येत नव्हतं, म्हणून वेंकूबाई पद मराठीत म्हणत आणि निरूपण तमिळमध्ये करत. हिरण्यकशिपू गरजला तो तर असा: “सांग रे पोरा, तुझा देव किती किलोमीटरवर आहे?” आणि प्रल्हाद म्हणतो, “बाबा, मोजायला शून्य कुठे धरायचं, तेवढं आधी तुम्ही सांगा!” लॉरीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मी रडलो. मला वाटलं ते माझ्यासाठीच म्हणाल्या.

“या खांबात आहे?” राजानं विचारलं. मृदंग चढला. वेंकूबाईंनी चिपळ्या वर उचलल्या, आणि चोविसाच्या बाजूला आभाळात अशी वीज कडाडली की एका लॉरीवाल्यानं कामाक्षीच्या मागे दडी मारली. नृसिंह प्रकट झाला! मी दचकलो, आणि यंदा तुळजारामही दचकला. एक ठेका चुकला त्याचा. मी ऐकला.

आरती झाली. कामाक्षीनं चहाच्या ग्लासांतून सगळ्यांना पानक वाटलं. गर्दी ओसरली तेव्हा मी वेंकूबाईंच्या पाया पडलो. माझ्याच्यानं उठवेना. इतक्या वर्षांचं हे सुख, आणि ते असं, रस्त्याच्या कडेला संपलं.

“अक्का,” मी म्हणालो, “तुमचं शेवटचं कीर्तन, आणि माझ्या चुकीनं ते मठात झालं नाही. मला क्षमा करा.”

वेंकूबाईंनी पानकाचा घोट घेतला, ओठ पुसले.

“चिदंबरा, मी मुलाला काय शब्द दिला होता?”

“राजवाड्याच्या मठातलं हे शेवटचं.”

“आज मठात झालं का?”

“नाही.”

“मग?” त्या डोळे बारीक करून हसल्या. “शेवटचं अजून व्हायचंय. पुढल्या वर्षी बघू. तेव्हाही वाटेत कुठे अडवता आलं तर पाहा.”